फ्रेंच उच्चार जमायला लागले ते इंग्रजी बाजूला ठेवल्यावर

मागच्या हिवाळ्यात आमच्या बाथरूमच्या भिंतीला ओल धरली आणि दोन दिवसांत वरून थेंब थेंब पाणी यायला लागलं. मी फ्रान्समध्ये लियोंला राहते, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. नवरा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे प्लंबरला फोन मलाच करायचा होता. वाक्य आधी कागदावर लिहिलं, तीनदा म्हणून बघितलं, वरच्या शेजाऱ्यांकडनं गळती होतेय असं, आणि केला फोन. तो माणूस तासाभरात आला पण माझ्याकडे आलाच नाही, सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली आणि त्यांच्या किचनमधल्या सिंकखालचे पाइप बघत बसला.

झालं असं होतं की फ्रेंचमध्ये वरचा म्हणजे दस्यू आणि खालचा म्हणजे दसू. लिहिताना एका अक्षराचा फरक, वरच्यात नुसता यू, खालच्यात ओ आणि यू. मी 'दस्यू' म्हणतेय याची मला पूर्ण खात्री होती आणि पलीकडे त्या माणसाला स्वच्छ 'दसू' ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम वर आल्या, गाऊनवर शाल घेतलेली, वय ऐंशीच्या आसपास. चिडल्या नव्हत्या. त्यांनी प्लंबरला चौथ्या मजल्यावर पाठवलं, मग माझ्याकडे बघून एक बोट छताकडे केलं, ओठांचा चंबू केला आणि म्हणाल्या, दस्यू. मग बोट जमिनीकडे, दसू. परत वर, परत खाली. प्लंबरची ये-जा चालू होती आणि आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून एवढे दोनच शब्द म्हणत होतो. मला तेव्हा रडायलाच आलं होतं खरं तर, कारण मी फ्रेंच काही नवीन शिकत नव्हते, अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, नव्वदच्या वर मार्क होते, क्रियापदांची रूपं आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण त्या दोन वर्षांत वर्गात आम्ही फ्रेंच बोललो असं फारसं झालंच नाही. स्कोअरिंग विषय म्हणून घेतला, लिहिला, पास झालो.

मादामनी मला जे करायला लावलं ते इथे नीट लिहिते, कारण हे मला कुठल्याच पुस्तकाने असं सांगितलं नव्हतं. आधी ई म्हण. ई लांबव. आता जीभ अजिबात हलवू नकोस, जिथे आहे तिथेच ठेव, आणि फक्त ओठ गोल करून पुढे आण, शिट्टी मारताना आणतो तसे. जो आवाज येईल तो फ्रेंचचा यू. म्हणजे जीभ ई ची आणि ओठ ऊ चे. आपल्याला देवनागरीत याला अक्षर नाही म्हणून मी इथे यू लिहितेय, पण आपण यू म्हणतो तेव्हा आधी य येतो मग ऊ, जीभ पुढून मागे सरकते. इंग्रजीतली पुस्तकं तर सरळ तसंच सांगतात, फ्यू मधला यू म्हणा म्हणून, आणि तिथेच घोळ होतो. फ्रेंचमध्ये जीभ सरकत नाही, पुढेच राहते. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'तू' ला 'त्यू'च म्हणतात, अर्थही तोच, एकेरी. पण आपण आपला मराठी 'तू' जसाच्या तसा म्हटला तर त्याचा अर्थ होतो 'सगळं'. रस्ता म्हणजे र्यू आणि चाक म्हणजे रू. असे शब्द शेकड्याने आहेत, आणि काही जोड्यांमध्ये चुकीचा स्वर गेला तर इतका नको तो अर्थ होतो की ते मी इथे लिहीत नाही.

नंतर कळलं की हा चंबू फार जुना आहे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६७० सालच्या एका नाटकात एक मास्तर एका श्रीमंत गृहस्थाला स्वर शिकवतो, तिथे यू शिकवताना सांगतो की ओठ पुढे काढा, कुणाला वेडावून दाखवताना काढतो तसे. साडेतीनशे वर्षांनी माझ्या जिन्यात तोच धडा.

तर मला मुळात सांगायचंय ते हे, की आपण मराठी लोक फ्रेंच इंग्रजीतून शिकतो, आणि आपल्या बहुतेक अडचणी तिथनं येतात. लिपी रोमन दिसली की डोळा इंग्रजी वाचायला लागतो आणि तोंड डोळ्याच्या मागे जातं. पुस्तकं, ॲप्स, व्हिडिओ, सगळे 'इंग्रजी बोलणाऱ्यांनी हे असं म्हणावं' अशा पद्धतीने समजावतात. त्यांना ज्या अडचणी आहेत त्यातल्या निम्म्या आपल्याला नाहीतच, आणि आपल्या ज्या आहेत त्या त्यांच्या यादीत नाहीत. हे मला कळलं ते संध्याकाळच्या क्लासमध्ये, गळतीच्या प्रकरणानंतर नाव घातलं तिथे.

आमच्या वर्गात एक बर्मिंगहॅमची मुलगी होती, एक ओहायोचा इंजिनिअर, दोघी-तिघी ब्राझीलच्या, आणि मी. एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना कागदाची एकेक पातळ पट्टी दिली, तोंडासमोर धरायला सांगितली आणि म्हणाल्या, पॅरिस म्हणा, पापा म्हणा, पट्टी हलता कामा नये. इंग्लंड-अमेरिकेच्या त्या दोघांची पट्टी दर वेळेला फडफडायची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मागे हवेचा झोत असतो, जवळजवळ 'प्ह' म्हणतात ते, आणि त्यांना स्वतःला तो ऐकूच येत नाही कारण त्यांच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याला पहिलीतच क वेगळा आणि ख वेगळा, त वेगळा आणि थ वेगळा असं घोकून घेतलेलं. मी 'पापा' म्हटलं, पट्टी स्थिर. 'काफे' म्हटलं, पट्टी स्थिर. बाईंनी मला पुढे बोलावून सगळ्यांना परत म्हणून दाखवायला लावलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या वर्गात मला असं वाटलं की माझ्याकडेही काहीतरी आहे.

आणि मग पुढचा शब्द होता टेबल. फ्रेंचमध्येही स्पेलिंग तेच, टी-ए-बी-एल-ई. मी म्हटलं 'टाब्ल'. बाई थांबल्या, म्हणाल्या पट्टी हलली नाही हे छान पण जीभ कुठे लागतेय तुझी. जीभ लागत होती वर, टाळूकडे, कारण टी दिसला की आपण ट च म्हणतो. टेबल, टॅक्सी, टिकीट, डॉक्टर, आपण इंग्रजीतले सगळे टी आणि डी असेच घेतलेत, ट आणि ड करून. इंग्रजी लोकांचा टी आपल्या ट इतका मागे वळलेला नसतो, दातांच्या जरा वर लागतो, पण आपल्या कानाला तो त पेक्षा ट च्या जवळचा वाटतो म्हणून आपण ट धरला. फ्रेंचचा टी मात्र दातांनाच लागतो. म्हणजे सरळ सरळ आपला त. ताट म्हणून बघा, त्या एका शब्दात दोन्ही आहेत, सुरुवातीचा फ्रेंच आणि शेवटचा आपण चुकून लावतो तो. मला घरी गेल्यावर रात्रभर हेच डोक्यात, की मी बारा वर्षं 'टु' आणि 'डु' म्हणत आले आणि माझ्या तोंडात जन्मापासून त आणि द बसलेले होते. टाब्ल नाही, ताब्ल. माडाम नाही, मादाम. डिमांश नाही, दिमाँश. एवढा एक बदल केला आणि दुसऱ्या आठवड्यात बेकरीतल्या मुलीने माझ्याशी इंग्रजीत बोलायचं थांबवलं.

ए आणि ओ चंही तेच. इंग्रजीत कॅफे म्हणताना शेवटी 'एइ' होतो, नो म्हणताना 'ओउ' होतो, स्वर मध्येच वळतो. फ्रेंचमध्ये ए म्हणजे ए, ओ म्हणजे ओ, शेवटपर्यंत सरळ, आपल्यासारखा. इथे आपल्याला काहीच करायचं नाहीये, फक्त इंग्रजी शाळेत शिकलेलं वळण द्यायचं नाही.

आमच्या ऑफिसच्या मीटिंगला कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा एक जण असतो. त्याचं फ्रेंच पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की आता परत पहिल्यापासून शिकायचं का काय. तो 'त्यू' म्हणतच नाही, 'त्सू' सारखं काहीतरी म्हणतो, आणि मंगळवारला मार्दी ऐवजी 'मार्द्झी'. क्युबेकमध्ये, म्हणजे त्याच्या प्रांतात, ई आणि त्या यू च्या आधी आलेला त असाच त्स होतो आणि द चा द्झ होतो. माझ्या वर्गमित्रांना हे फार विचित्र वाटतं, पण आपल्या 'चूक' मधला च आणि 'जुना' मधला ज म्हणा ना, तेच आवाज आहेत. फक्त आपल्याकडे ई च्या आधी हा च येत नाही, तिथे चिंचेतला च येतो, म्हणून 'प्ती' म्हणजे लहान, त्याचं 'पत्सी' म्हणताना थोडी जीभ आवरावी लागते. मराठीतले हे दोन च आणि दोन ज हिंदीवाल्यांनाही पटकन जमत नाहीत आणि मला ते मॉन्ट्रियलसाठी उपयोगी पडतील असं कधी वाटलं नव्हतं.

आता नाकातले स्वर. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि मला हे सगळ्यात जास्त आवडतात. फ्रेंचमध्ये स्वरापुढे एन किंवा एम आला आणि त्याच्यापुढे परत स्वर नसला की बहुतेक वेळा तो एन म्हणायचाच नाही, फक्त आधीचा स्वर नाकातून सोडायचा. इथल्या प्रत्येक वर्गात एक वाक्य शिकवतात, 'अं बों वॅं ब्लाँ', म्हणजे एक चांगली पांढरी वाइन, त्या चार शब्दांत चारही नाकातले स्वर आहेत. हल्ली पॅरिसकडे पहिला आणि तिसरा एकच झालाय, आमच्या क्लासच्या बाईंचाही एकच आहे, त्या तिशीच्या आहेत. मादामचे मात्र अजून वेगवेगळे. त्या 'ब्रं' म्हणजे तपकिरी आणि 'ब्रॅं' म्हणजे गवताची काडी असं वेगळं म्हणतात आणि मला दोन्ही वेगळे आलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह आहे.

इंग्रजीच्या सवयीने आपण काय करतो, तर एन दिसला की न म्हणतो. बॉन, पॅन, ल्योन. पण 'बॉन' म्हटलं की तो स्त्रीलिंगी शब्द होतो, पुल्लिंगी 'बों' ला न नाही. पाव म्हणजे पॅं, पूल म्हणजे पों. जीभ वर टाळूला लागली की संपलं, फ्रेंच माणसाला न ऐकू येणार आणि तो दुसराच शब्द शोधायला लागणार.

आपल्याला हे कठीण का वाटावं? 'मांस' म्हणा. 'हंस' म्हणा. तिथे न आहे का, नाही, 'अंत' मध्ये आहे, 'आंबा' मध्ये म आहे, पण श, स, ह च्या आधी आपला अनुस्वार नाकातच राहतो. तसाच तो ठेवायचा, पुढे कुठलंच अक्षर न आणता. आणि मला तर यासाठी माझी आजी आठवली. आजी वेंगुर्ल्याची. आम्ही पुण्यात वाढलो, आमचं 'केलं', 'गेलं' कोरडं, नाकातून काही नाही. आजीचं सगळं बोलणं नाकातून. लहानपणी उशिरा घरी आलं की दारातनं विचारायची, खंय गेल्लंस गो? हंय ये, थंय जाव नको. ते खंय, हंय, थंय मधला य काढून टाका, जो अँ राहतो तो 'पॅं' मधल्या आवाजाच्या इतका जवळ आहे की मी पहिल्यांदा क्लासमध्ये तो स्वर ऐकला तेव्हा मला वेंगुर्ल्याचं खळंच दिसलं. कोकणीत तर हे नाकातले स्वर आजही पक्के आहेत, गोव्यातला माणूस 'हांव' म्हणतो तेव्हा ऐका. आणि मराठीत आधी ते लिहायचेही, जुन्या पुस्तकांत नांव, कांहीं, केलें असं दिसतं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आमच्या तोंडातून ते आधीच गेले होते, आजीच्या गेले नव्हते.

दिवाळीत व्हिडिओ कॉल केला तेव्हा मादाम माझ्याकडे बसल्या होत्या. मी आजीला म्हटलं, आजी, यांच्यासारखं म्हण, पॅं. आजीने एकदा ऐकलं आणि म्हणाली, पॅं. पहिल्या फटक्यात. मादामनी माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, या कुठे शिकल्या.

न बोलल्या जाणाऱ्या अक्षरांबद्दल लोक फार तक्रार करतात, अर्धी अक्षरं खातात म्हणून. मला ही तक्रार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकायला बरी वाटत नाही कारण इंग्रजीत ओ-यू-जी-एच चे किती उच्चार होतात ते आपण शाळेत सोसलंय. फ्रेंचमध्ये लिहिलेलं वाचता येणं हे शिकून येतं, नियम लागतात. ओ-यू म्हणजे ऊ, ई-ए-यू म्हणजे ओ, सी-एच म्हणजे जवळजवळ नेहमीच श. उलट्या बाजूने, म्हणजे ऐकून लिहिणं, ते मात्र खरंच अवघड, कारण ओ लिहायच्या तऱ्हा भरपूर आहेत. अपवाद आहेत, बाई म्हणजे 'फाम' पण लिहायचं फेम, कांदा 'ऑन्यों', आणि 'कूवाँ' आणि 'कूव' चं स्पेलिंग अगदी एकच, एक म्हणजे जोगिणींचा मठ आणि दुसरं म्हणजे अंडी उबवतात, इथे मुलांना शिकवतातच की मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात, वाक्यात एकच शब्द दोनदा आणि दोन उच्चार.

आणि न बोललेलं अक्षर म्हणजे फुकट नाही. हॉस्पिटलला फ्रेंचमध्ये 'ओपिताल', ओ वर छोटं छप्पर काढतात. ते छप्पर म्हणजे तिथे पूर्वी एस होता त्याची खूण. जंगल म्हणजे 'फोरे', त्या ई वरही छप्पर. इंग्रजीने हे शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतले तेव्हा तो एस होता, इंग्रजीकडे हॉस्पिटल आणि फॉरेस्टमध्ये तो राहिला, फ्रेंचच्या तोंडातून गेला. नांव वरच्या अनुस्वारासारखंच आहे हे, फक्त त्यांनी खूण ठेवली.

शेवटच्या ई चं तर आपल्याला काहीच शिकायला नको. 'प्तीत' च्या शेवटी ई लिहितात, बोलत नाहीत, पण तो ई आहे म्हणून त्याच्या आधीचा त ऐकू येतो, तो नसेल तर 'प्ती', त ही गेला. आपण घर लिहितो तेव्हा र मध्ये अ असतोच की, बोलतो का आपण? आणि शब्दाच्या मधलाही आपण खातो. समजलं लिहितो, बोलताना सम्जलं. करवत, कर्वत. अगदी तसंच फ्रेंच लोक शनिवारला सामदी म्हणतात, मधला ई गायब. बेकरीला बुलाँज्री. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात चार शब्दांचं वाक्य आहे, ज न से पा, आणि रस्त्यावर ते 'शे पा' होतं. आधी मला वाटायचं की हे लोक घाईत बोलतात. घाई नाहीये, आपण 'काय करतो आहेस' ला 'काय करतोयस' म्हणतो तेव्हा आपल्याला कुठे घाई असते.

मग तो गेलेला आवाज परत येतो, त्याला लिएझों म्हणतात. ले म्हणजे इंग्रजीतल्या 'द' (the) चं अनेकवचन, आमी म्हणजे मित्र, पण दोन्ही एकत्र आले की लेझामी. एस लिहिलेला असतो, एरवी बोलत नाहीत, पुढे स्वर आला की झ होऊन उगवतो. मोठा माणूस म्हणताना ग्राँ च्या शेवटचा डी त होऊन येतो, ग्राँतोम. ओहायोचा तो इंजिनिअर यावर फार वैतागला होता, की अक्षर एक आणि आवाज दुसराच का. मी त्याला म्हटलं की आमच्याकडे याला संधी म्हणतात, जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, त चा द होतो, फ्रेंचमध्ये द चा त होतोय एवढंच. त्याला फार काही फरक पडला नाही पण मला स्वतःला ते बोलताना एकदम सोपं वाटायला लागलं, सातवी-आठवीत संधी सोडवलेल्या असतात आपण.

बेकरीत सहा आकडा घ्या. सहा क्र्वासाँ हवे असतील तर 'सी क्र्वासाँ'. सहा संत्री असतील तर 'सीझोराँज'. आणि किती देऊ विचारल्यावर नुसतं सहा म्हणायचं तर 'सीस'. एकच आकडा, तीन रूपं. दहाचंही असंच. हे मी पाठ केलं नाही, रोज रांगेत उभं राहून पुढच्या माणसाचं ऐकत गेले. दोन वाजता आणि बारा वाजता हे सुद्धा असंच कान देऊन शिकावं लागलं, 'द झर' आणि 'दूझर', दोन्हीत मध्ये झ येतो, फरक फक्त आधीच्या स्वरात. एकदा मी दोनच्या जेवणाला बाराला पोचले होते.

एच चा एक त्रास आहे. एच कधीच बोलत नाहीत, पण काही शब्दांच्या आधी लिएझों होते आणि काहींच्या आधी होत नाही. घेवड्याला 'ले आरिको', झ लावायचा नाही. 'ले एरो' म्हणजे वीर पुरुष, तिथे झ लावला तर 'ले झेरो' होतं, म्हणजे शून्यं. हे पाठच करावे लागतात, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

र बद्दल सगळ्यात आधी विचारतात आणि मी सगळ्यात शेवटी लिहितेय, मुद्दाम. माझं मत असं आहे की र वर सुरुवातीला अजिबात वेळ घालवू नये. आपला मराठी र लावून फ्रेंच बोललं तरी सगळ्यांना सगळं कळतं, अर्थ कुठेच बदलत नाही. पश्चिम आफ्रिकेतून आलेले बरेच लोक जिभेच्या टोकाचा र च लावतात आणि त्यांची फ्रेंच माझ्यापेक्षा कितीतरी अस्सल आहे. मोलिएरच्या त्याच नाटकात तो मास्तर र शिकवताना जिभेचं टोक वर नेऊन थरथरवायला सांगतो, म्हणजे तेव्हा तोच र होता, घशातला र नंतर पसरला. यू चुकला तर प्लंबर चुकीच्या घरात जातो, र चुकला तर फक्त तुम्ही बाहेरचे आहात हे कळतं, आणि ते आहोतच आपण.

पण शिकायचाच असेल तर गुळण्या करून शिका असं जे सगळे सांगतात त्याने माझा घसा बसला, बाकी काही झालं नाही. मला जमला तो गझलमुळे. बाबांना गझला ऐकायचं वेड, आणि ते आम्हाला नेहमी सांगायचे की ग़ज़ल चा ग़ आपल्या गवतातल्या ग सारखा नाही, घशात जरा सैल सोडायचा. तो ग़ घ्या, अजून थोडा मागे न्या, आणि जोर काढून टाका. र झाला. त किंवा प च्या पुढे आला तर तो ख़ कडे झुकतो, 'त्रे' मध्ये त्ख़े असं ऐकू येतं. शब्दाच्या शेवटी तर फार हलका, बोंजूर मध्ये नुसती सावली असते.

शेवटचं एक राहिलं, वजन. इंग्रजीत प्रत्येक शब्दात एका ठिकाणी जोर आणि बाकीचं पुसट. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना यातून बाहेर यायला महिने लागले. फ्रेंचमध्ये सगळी अक्षरं सारख्या वजनाची आणि वाक्याच्या तुकड्याच्या शेवटचं जरा लांब. आपण मराठी बोलतो तेव्हा बहुतेक असंच बोलतो. मला ऑफिसमध्ये एकेकाळी इंग्रजीसाठी ट्रेनिंगला बसवलं होतं, तुमचं बोलणं फार सपाट आहे, शब्दावर जोर द्या म्हणून, आणि तो जोर मी इतक्या मेहनतीने शिकले की तो आता फ्रेंचमधनं काढावा लागतोय. सगळ्यात धोका इंग्रजीत ओळखीच्या असलेल्या शब्दांचा. रेस्तोराँ, ओतेल, अँपॉर्ताँ. नवा शब्द नीट म्हणते, ओळखीचा चुकते.

सराव म्हणाल तर मी आरएफआय या फ्रेंच रेडिओवरचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लावते, एक वाक्य ऐकून थांबवते, तसंच म्हणते, फोनवर रेकॉर्ड करते आणि परत ऐकते. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले दोन आठवडे नको वाटतं, पण ऐकल्याशिवाय कळत नाही कारण बोलताना कान खोटं सांगतो, मला दस्यू च ऐकू येत होतं हे लक्षात असू द्या. आणि नवीन शब्द मी आधी देवनागरीत लिहिते, मग रोमन स्पेलिंग बघते. उलटं केलं की इंग्रजी घुसते.

आणि रविवारी सकाळी अकराला खाली मादामकडे जाते. त्यांना हल्ली बारीक छापील वाचता येत नाही, मी त्यांना पेपर वाचून दाखवते, चुकले की त्या टेबलावर बोटाने एकदा टकटक करतात, मी तो शब्द परत म्हणते, बरोबर आला की पुढे. मागच्या रविवारी पार्कमधल्या खारींबद्दल एक छोटी बातमी होती आणि आम्ही तिथेच अडकलो. खारीला 'एक्यूरय' म्हणतात, त्यात तो यू, त्याला लागून घशातला र, आणि लगेच ओठ गोल ठेवून म्हणायचा तो ए, तिन्ही एकापाठोपाठ. टकटक अकरा वेळा झाली. तो पेपर मादामनी घडी करून खिडकीत ठेवलाय, या रविवारी तिथनंच सुरू करायचंय.